कोकिळेच्या हाताचा गारवा

"दोनदा पळालीस," डॉक्टर वळवी म्हणाल्या. "पहिल्या खेपेला बाराव्या दिवशी, दुसऱ्या खेपेला सोळाव्या. आता पुन्हा पळालीस तर मलमाचं काम उरणार नाही, कापावं लागेल. उगाच घाबरवत नाही मी तुला."

कोकिळा माळी खुर्चीत अंग चोरून बसली होती. खोलीतल्या मोठ्या पडद्यावर तिचाच चेहरा उमटला होता. निळ्या प्रकाशात घेतलेल्या त्या छायाचित्रात कपाळ, गालफडं, नाकाचा शेंडा, कानांच्या पाळ्या गुलाबी ठिपक्यांनी भरून गेल्या होत्या. तिची नजर अधू. तिला ठिपके वेगवेगळे दिसत नव्हते, कुणी तोंडावर गुलाल उधळल्यासारखं दिसत होतं.

"पळाले नाही हो बाई. सोसलं नाही. तोंडाला ठेचा थापून वरून निखारा धरावा तसं व्हायचं. पदराचा वारा लागला तरी जीव जायचा."

"ते मला कळतं. म्हणून तर बोलावलंय."

कोकिळेच्या कातडीत जन्मापासून रंग नव्हता. केस कापसासारखे, पापण्या पांढऱ्या, डोळे उजेडात मिटमिटणारे. हे कोड नव्हतं, महारोग नव्हता, कुणाला लागेल असं तर काहीच नव्हतं. शरीरात रंग तयार करणाऱ्या साखळीची एक कडी तुटलेली होती, इतकंच. शाळेतल्या बाईंनी हे सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं होतं आणि वर्गानं ते नीट ऐकूनही घेतलं होतं. तरी बाकावरची तिच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या आहेत. उघड्या माळावर ओली लाल मिरची पसरून वाळवतात. तिथे तिची आई देठ खुडायला जायची आणि लेकीला सोबत न्यायची. टोपी, लांब बाह्या असलं काही कुणाला सुचलंही नाही. उन्हाला अडवणारा रंगच जिच्यापाशी नाही, त्या पोरीनं लहानपणाची बारा वर्षं त्या माळावर काढली. आता एक्केचाळिसाव्या वर्षी ते सगळं ऊन वर आलं होतं.

मलम कसं चालतं ते डॉक्टरांनी तिला पहिल्याच वेळी सांगितलं होतं. ऊन पेशीच्या गाभ्यातला मजकूर बिघडवतं. बिघडलेल्या बहुतेक पेशी आपण होऊन मरतात. काही मात्र तग धरतात, घाईघाईनं वाढत राहतात आणि त्यांतल्या एखादीचा पुढे कर्करोग होतो. मलम या घाईवाल्या पेशींना बनावट कच्चा माल पुरवतं. तो घेऊन पेशी दुभंगायला गेली की कोसळते. चांगल्या पेशी सावकाशीनं वाढतात, म्हणून बऱ्याचशा वाचतात. पण मेलेल्यांचा राडा उपसायला शरीर धावून येतं, आणि मग सूज, लाली, खपल्या आणि आग. अठ्ठावीस दिवस. औषध कामाला लागलं याची खूण तीच आणि माणूस औषध टाकून देतो तेही त्याच पायी.

"आता नवं आलंय ते हे शमक," डॉक्टरांनी एक छोटी बाटली पुढे ठेवली. आत दुधट पाणी होतं. "आपल्या सगळ्यांच्या कातडीवर साधे, निरुपद्रवी जिवाणू राहतात. त्यांतल्या एका जातीला प्रयोगशाळेत नवा गुण दिलाय. कातडीला दाह झाला की त्यांना तो कळतो आणि ते एक बारीकसं प्रथिन सोडतात. आगीची खबर मज्जातंतूंत एका विशिष्ट दारानं शिरते. हे प्रथिन तेवढं दार लावून घेतं. हात लावलेला कळेल, टोचलेलं कळेल, आग तेवढी कळणार नाही. मलमाचं काम आत चालूच राहील."

"तिखटाची आग?"

डॉक्टर हसल्या. त्या स्वतः याच जिल्ह्यातल्या होत्या. "तीही नाही. मिरची आणि विस्तव शरीरात एकाच दारानं येतात."

"आणि माझ्यापासून दुसऱ्याला लागले तर?"

"लागतील. पण त्यांना जगायला एक खास स्निग्ध पदार्थ लागतो, तो फक्त तुझ्या मलमात घातलाय. दुसऱ्याच्या अंगावर ते तीन दिवसांत उपाशी मरतील. तरीसुद्धा तू जरा अंतर राखून..." बोलता बोलता डॉक्टर थांबल्या.

"त्याची काळजी नको," कोकिळा म्हणाली. "मला कुणी शिवत नाही."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. विचारलेल्या गोष्टीची माहिती दिली होती.

*

ती भावाकडे राहायची. धाकटा भाऊ युवराज मालगाडीच्या धक्क्यावर कामाला होता. भावजय जयवंती पथारीवर मिरची पसरायला आणि उलटवायला जायची. कोकिळेलाही तिथेच, पत्र्याच्या शेडमध्ये, बारदानाची पोती शिवायचं काम होतं. घरात भांडण नव्हतं. जयवंती तिला वेळेवर ताट वाढायची, सणाला लुगडं आणायची, आजारपणात डॉक्टरकडे घेऊन जायची. फक्त ताट ओट्यावर ठेवून बाजूला व्हायची, आणि मग कोकिळेनं ते उचलायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून, एकोणीस वर्षं, हे असंच चाललं होतं. दोघींनाही आता त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पहिले चार दिवस गेले. चेहरा लाल झाला, मग त्यावर खपल्या धरू लागल्या. आरशात पाहायला कोकिळा धजत नव्हती, पण आग नव्हती. नावालाही नव्हती. ती रोज पोती शिवायला जात होती.

पाचव्या दिवशी सकाळी अंगणात मिरचीचं बारदान झटकताना जयवंतीच्या दोन्ही डोळ्यांत बुकणी गेली. ती किंचाळत खाली बसली. युवराज कामावर गेलेला. कोकिळेनं तांब्या उचलला, एका हातानं भावजयीची मान धरली आणि दुसऱ्या हातानं डोळ्यांवर पाणी मारत राहिली. गाल धरले, पापण्या उघडल्या, पुन्हा पाणी मारलं. शिवायचं नाही हे दोघींपैकी कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

थोड्या वेळानं जयवंती शांत झाली. तिनं गालांवरून हात फिरवला, मग आपले तळवे पाहिले.

"ताई, काय लावलं तुम्ही?"

"पाणी."

"पाण्यानं नाही थांबत हो. वीस वर्षं पाणीच तर मारतेय." तिनं कोकिळेचा हात आपल्या हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा गालाला लावला. "गार वाटतं."

कोकिळेनं तिला सगळं सांगितलं. बाटली दाखवली. तीन दिवसांत मरतील, हेही सांगितलं.

तीन दिवस गेले, चार गेले. जयवंतीच्या हातांची आग परत आली नाही.

*

पथारीवर गोष्ट लपत नाही. पन्नास बायका हाताला हात लावून बसलेल्या असतात. देठ खुडून खुडून त्यांची बोटं संध्याकाळपर्यंत अशी पेटतात की घरी गेल्यावर कुणी ती ताकात बुडवून बसतं, कुणी ओल्या मातीत खुपसतं. जयवंती एकटीच गप्पा मारत भाकरी थापते, हे दोन दिवसांत सगळ्यांना कळलं.

पहिली आली ठुमीबाई. साठीची भिल्ल बाई, देठ खुडण्यात तिचा हात धरणारी कुणी नव्हती. ती शेडच्या दारात उभी राहिली आणि दोन्ही पंजे पुढे केले.

"दे पोरी, तुझा गारवा."

कोकिळेनं सुई बाजूला ठेवली. समोरचे पंजे जाड, चरे पडलेले, नखांच्या मुळाशी लाल झालेले होते. तिनं ते हातांत धरले. ठुमीबाईनं डोळे मिटले. बराच वेळ झाला तरी ती हात काढून घेईना.

डॉक्टरांचं बोलणं कोकिळेला आठवत होतं. पण तीन दिवसांत मरणाऱ्या गोष्टीचं एवढं काय, असं तिनं मनाला सांगितलं. जयवंतीच्या अंगावर ते मेले नव्हते हेही तिला ठाऊक होतं. त्याचा विचार मात्र तिनं केला नाही.

मग रोज सकाळी शेडच्या दारात बायका यायला लागल्या. हात धरायच्या, गालाला लावायच्या, मानेवर ठेवायला सांगायच्या. कुणी हात धरून बसल्या बसल्या नवऱ्याची कागाळी करायची, कुणी काहीच न बोलता उसासा टाकून जायची. एकीनं सहा महिन्यांचं मूल तिच्या मांडीवर दिलं, उष्णतेनं अंगावर पुरळ आलाय म्हणून. कोकिळा ते मूल धरून बसली आणि पोत्यांची थप्पी तशीच पडून राहिली. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं आपले तळहात नाकाशी नेले. त्यांना तंबाखूचा, खोबरेल तेलाचा, बाळाच्या दुधाचा असे नाना वास येत होते. त्या संध्याकाळी तिनं जेवणाआधी हात धुतले नाहीत, डाव्या हातात चमचा धरून जेवली.

पथारीच्या मालकाला, शेठलाही खबर लागली. रमणिकशेठ वाईट माणूस नव्हता. कोकिळेला आजवर तो 'ए पांढरी' म्हणायचा, त्यातही त्याच्या मनात काही नसायचं. आता तो शेडमध्ये आला आणि त्यानं स्वतः पंखा लावून दिला.

"कोकिळाबेन, पोती दुसरं कोणी शिवेल. तुम्ही सकाळी काम सुरू व्हायच्या आधी पथारीवर एक फेरी मारा. प्रत्येकीचा हात धरा. खुर्ची मांडून देतो, डोक्यावर कापड लावून देतो. तुमच्या पायगुणानं काम कसं पळतंय बघा की."

काम पळत होतं हे खरं. फेब्रुवारीतलं ऊन आता पूर्वीच्या वैशाखासारखं असायचं. पथारीच्या कडेला ऊन मोजणारा सरकारी खांब होता. दुपारी ऊन धोक्याचं होऊन त्याचा दिवा जांभळा झाला की बायका उठून चिंचेखाली जायच्या आणि चारनंतर परत यायच्या. तसा काही नियम नव्हता. दंड आणि मान पोळायला लागली की बसवायचंच नाही, म्हणून त्या उठायच्या. आता पोळत नव्हतं. दिवा जांभळा व्हायचा, बायका देठ खुडत राहायच्या. कुणी हातमोजे घालेना, कुणी मधूनमधून हात धुवेना. चिंचेखाली कुत्री तेवढी झोपलेली असायची.

कोकिळा गॉगल लावून, तोंडाला फडकं गुंडाळून शेडच्या दारातून ते पाहायची. काहीतरी चुकतंय असं तिला वाटायचं. पण सकाळ झाली की दारात पावलं वाजायची.

*

उपचाराचा पंधरावा दिवस होता. अवकाळीची भीती असली की शेठ थोडा माल यंत्रात वाळवायचा. यंत्राची वाफेची नळी शेडच्या मागून जायची. ठुमीबाई दुपारच्याला तिथे सावली पाहून टेकली आणि तिला डुलकी लागली. जागी झाली ती वासानं. कुणी मटण भाजतंय का, असं तिनं विचारलं. मग तिनं आपला उजवा हात पाहिला. कोपरापासून मनगटापर्यंत तो नळीला चिकटला होता.

बायका धावल्या, किंचाळल्या. ठुमीबाई शांतपणे हात सोडवत होती. "दुखत नाही गं," ती म्हणाली आणि चक्क हसली. "बघ की, काहीच नाही होत."

ते हसू पाहून कोकिळेनं आपले हात पाठीमागे घेतले.

जिल्ह्याच्या रुग्णालयात ठुमीबाईला डॉक्टर वळवींनीच तपासलं. एवढी भाजलेली बाई कण्हत कशी नाही, हे पाहून त्या आधी बुचकळ्यात पडल्या. मग त्यांनी तिच्या कातडीचा नमुना घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पथारीवर हजर झाल्या. त्यांनी पन्नास बायकांचे हात पाहिले. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटून पाणी सुटलेलं, कुठे पू धरलेला. मानेवर, दंडांवर उन्हानं फोड येऊन फुटलेले. कुणाचीच तक्रार नव्हती.

शेडमध्ये कोकिळेसमोर बसून डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला.

"चूक माझी आहे. जिवाणू उपाशी मरतील असं मी सांगितलं. मलमातला तो पदार्थ मिरचीच्या सालीत नाही, पण त्याचा चुलतभाऊ आहे. इथे प्रत्येकीच्या हातावर मिरचीचं तेल आहे, म्हणजे त्यांना रोजचं जेवण आहे. दुसरीकडे कुठेही ते मेले असते. इथे पसरले."

"आता?"

"सगळ्यांनी औषधी पाण्यानं अंग आणि हात धुवायचे, सलग दहा दिवस, आणि हातमोज्यांशिवाय मिरचीला शिवायचं नाही. पहिल्या धुण्यातच बरेचसे जातील, दहा दिवसांत मुळासकट. मी वर अहवाल पाठवतेय, पण तिथून हुकूम यायला महिने लागतील. तोपर्यंत या बायकांना समजावणं एवढंच माझ्या हातात आहे. आणि त्या ऐकत नाहीयेत."

"मी?"

"तुझे बारा दिवस राहिलेत. तू रुग्णालयात येऊन राहा. वेगळी खोली देते. शमक लावून उपचार पुरा कर, मग तुझं धुऊ. तुला आग सोसायची गरज नाही."

बाहेर बायकांचा आवाज चढला होता.

"मी तिकडे जाऊन राहिले तर या धुतील?" तिनं विचारलं. "म्हणतील, आपला गारवा सांभाळायला गेली आणि आमचा काढून घ्यायला सांगते."

डॉक्टरांनाही ते दिसत होतं.

*

पथारीच्या मधोमध दोन टाक्या ठेवल्या होत्या. आत पिवळं पाणी. बायका लांब उभ्या होत्या. ठुमीबाईही रुग्णालयातून हट्टानं आली होती, हात गळ्यात अडकवलेला.

"मला नाही धुवायचं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं हातांची आग घेऊन झोपले मी. पोरं तान्ही होती तर त्यांना घ्यायच्या आधी हात ताकात बुडवायला लागायचे. एवढे दिवस सुखाचे गेले. एक हात भाजला तर भाजला."

कुणी हसलं नाही. बऱ्याच जणींनी माना डोलावल्या.

"मावशी," कोकिळा म्हणाली, "हात भाजला ते तुला वासानं कळलं. उद्या वारा उलटा असला तर?"

"तुझं बरं आहे. तुला दवाखान्यात मिळेल."

"नाही मिळणार. मी पण धुतेय."

शेठ पुढे झाला. "कोकिळाबेन, घाई कशाला करता? अहवाल येऊ द्या, सरकार काय म्हणतं ते बघू. तोपर्यंत..."

"शेठ, तुमच्या नळीला वेष्टण गुंडाळून घ्या आधी," ती म्हणाली. आपण शेठला असं बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

तिनं तोंडावरचं फडकं सोडलं. इतक्या बायकांसमोर, भर उजेडात ती पहिल्यांदाच उघड्या तोंडानं उभी होती. खपल्या, चिरा, लालभडक गाल सगळ्यांना दिसले. काहींनी मान फिरवली. तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळ्या पाण्यात घातले, ओंजळ भरली आणि चेहऱ्यावर धरली. मग आणखी एक ओंजळ. मग मानेवर, कानांवर. पाणी गार होतं. अजून काहीच जाणवत नव्हतं. दार बंदच होतं.

जयवंती गर्दीतून बाहेर आली. ती कोकिळेकडे बघत नव्हती. तिनं बांगड्या मागे सारल्या आणि दुसऱ्या टाकीत हात बुडवले. तिच्यामागून ते सहा महिन्यांचं मूल घेतलेली बाई आली. संध्याकाळपर्यंत चाळीस जणींचं धुऊन झालं. बाकीच्या दोन-चार दिवसांत आल्या. ठुमीबाई सगळ्यांत शेवटी, ती पण कुणाशी न बोलता.

*

आग दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आधी कानांच्या पाळ्यांवर, मग गालांवर, मग सगळीकडे एकदम. कोकिळेला वाटलं होतं, दोनदा सोसलंय, ओळखीची आहे. पण पंधरा दिवस औषधानं आत जे काम केलं होतं त्याची सगळी आग थकलेल्या वसुलीसारखी एकदम दारात उभी राहिली. पोती शिवणं बंद झालं. ती घरात, खिडकीला जाड पडदा लावून, भिंतीला पाठ टेकून बसून राहायची.

पथारीवरही आग परतली. बायकांच्या बोटांना, दंडांना, मानेला. पहिले दोन दिवस शिव्या ऐकू आल्या, त्या कोकिळेच्या नावानंच. मग हातमोजे आले. आणि तिसऱ्या दिवशी खांबाचा दिवा जांभळा झाला तेव्हा बायका आपण होऊन उठल्या आणि चिंचेखाली जाऊन बसल्या. शेठनं विचारलं तर सगळ्याजणींनी त्याला नुसते हात दाखवले.

एकोणिसाव्या दिवशीची दुपार. कोकिळेच्या एका हातात मलमाची नळी होती, दुसऱ्या हातात झाकण. सकाळचं मलम तिनं लावलेलं नव्हतं. लावायचं नाही असं तिनं ठरवलं नव्हतं, फक्त हात चेहऱ्यापर्यंत जात नव्हता. असाच सोळावा दिवस मागच्या वेळी आला होता.

दार वाजलं. जयवंती होती. दुपारची सुट्टी परत सुरू झाल्यानं ती घरी आली होती. तिनं नणंदेकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. मोरीत गेली.

तिथून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. कोकिळेनं मान वळवून पाहिलं. जयवंती हाताला शेंगदाण्याचं तेल चोळत होती, कारण मिरचीचं तिखट पाण्यानं जात नाही, तेलानं सुटतं. मग बेसन लावलं, मग साबण. मग तिनं ओलं बोट आपल्या डाव्या पापणीला लावलं. डोळा चुरचुरला असावा, कारण तिनं तोंड वाकडं केलं आणि पुन्हा तेल घेतलं. दुसऱ्यांदा बोट पापणीला लावलं. पुन्हा तेल, बेसन, साबण. तिसऱ्यांदा बोट लावून ती तशीच थोडा वेळ थांबली, डोळा उघडा ठेवून.

मग माठातल्या पाण्यात मऊ सुती पंचा भिजवून, पिळून ती आत आली आणि कोकिळेच्या समोर मांडी घालून बसली.

"आधी मलम लावा, ताई. मग दहा मिनिटं थांबायचं, मग कडेकडेनं ओला पंचा ठेवायचा. मलमाच्या जागेला लावायचा नाही. डॉक्टरबाईंना फोन करून विचारलंय मी. नंतर साधं व्हॅसलीन चालतं म्हणाल्या."

"मला नाही लावता येत गं."

"आणा इकडे."

तिनं मोजा घातला, नळी घेतली आणि लावलं. कोकिळेनं दात आवळले, तरी तोंडातून आवाज निघालाच. दहा मिनिटं जयवंती बोलत राहिली. शेजारच्यांची म्हैस, युवराजचा मुकादम, या वर्षी चिंचेला किती बहर येईल, काहीही. मग तिनं ओला पंचा मानेवर ठेवला, कपाळाच्या वरच्या कडेला ठेवला. पंचा तापला की भिजवायचा, पिळायचा, पुन्हा ठेवायचा.

"झोंबतंय?"

"झोंबतंय."

"माझा हात?"

"नाही. तुझा हात नाही."

आग गेली नाही. पण एका पंच्यापासून दुसऱ्या पंच्यापर्यंत थोडी कमी व्हायची, आणि तेवढ्या वेळात कोकिळेला श्वास घेता यायचा. पुढचे नऊ दिवस रोज दुपारी असंच चाललं. जयवंतीची डावी पापणी त्या दिवसांत कायम सुजलेली असायची.

*

अठ्ठाविसाव्या दिवशी मलम थांबलं, आणि खपल्या गळून गेल्यावर पडद्यावर पुन्हा चेहरा उमटला. नाकाच्या उजव्या बाजूला एक ठिपका राहिला होता, तो डॉक्टरांनी तिथेच गोठवून काढला. बाकी जागा कोवळी, गुळगुळीत, नव्या कातडीची होती.

"तपासायला येत जा, दर सहा महिन्यांनी," डॉक्टर म्हणाल्या. शमकाचं काम त्यांनी आपल्यापुरतं थांबवलं होतं. अहवालात त्यांनी पहिलं वाक्य स्वतःच्या चुकीचं लिहिलं होतं. "जिवाणू काही वाईट नाहीत. बदल करून पुन्हा करू. पण आता दार अर्धंच लावायचं. किती उघडं ठेवायचं, हेच कळायला वेळ लागेल. शेवटचे बारा दिवस कसे काढलेस?"

"पंचा," कोकिळा म्हणाली, आणि डॉक्टरांनी तो शब्द खरोखरच कागदावर लिहून घेतला.

ती पोती शिवायला परत गेली. सकाळी दारात पावलं वाजत नव्हती. रस्त्यात बायका ओळखीचं हसायच्या, एखादी थांबून चौकशी करायची, पण हात धरायला आता कारण नव्हतं. मूल घेतलेली ती बाई एकदा लांबून मुलाला दाखवून गेली. कोकिळेला त्याचं वाईट वाटलं, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

ठुमीबाई महिनाभर फिरकली नाही. मग एका दुपारी, खांबाचा दिवा जांभळा झाल्यावर, ती चिंचेखाली न जाता शेडमध्ये आली. मांडीवरची कातडी काढून हातावर बसवली होती. ती जागा अजून गुलाबी, ताणलेली होती. कोकिळेसमोरच्या पोत्यांच्या थप्पीवर ती बसली.

"फार आग होते बघ," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

"मावशी, आता माझ्या हातात काही नाही गं," कोकिळा म्हणाली. "सगळं धुतलं ते."

"ठाऊक आहे मला. मी पण तिथेच होते ना?" ठुमीबाईनं हात मागे घेतला नाही. "ठेव तू."

कोकिळेनं दाभण खाली ठेवलं आणि तो हात आपल्या हातांत घेतला.